भिंतीतली आई

संध्याकाळ झाली की दादाच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरत नसे. त्याची वारलेली आई स्वयंपाकघराच्या भिंतीतून बोलते, ही बातमी इमारतभर झाली होती. प्रश्न विचारायचा, भिंतीत एकदा टक् झालं तर हो, दोनदा झालं तर नाही.

गर्दी जमली तिथे महाराज आलेच. त्यांनी भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि कंपनं फार उच्च कोटीची असल्याचा निर्वाळा दिला. भिंतीतून पाण्याचा नळ जातो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दादाच्या तरी कुठे आलं? दिवसभर कारखान्यात कापड कापून तो रात्री उशिरा घरी यायचा. धाकटी बहीण, सगळे तिला भिंगरी म्हणत, तोवर झोपलेली असायची. टकटक सुरू झाल्यापासून मात्र तो काम सुटताच घर गाठू लागला. आई पूर्वी त्याच नळावर खालून पळी आपटून गच्चीवर खेळणाऱ्या दोघांना जेवायला बोलवायची. आवाज अगदी तोच होता. शंका घेतली असती तर आई दुसऱ्यांदा गेली असती, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती.

त्या दिवशी महाराजांनी भिंगरीला समोर बसवून घेतलं. माउलीचा जीव हिच्यात अडकलाय, म्हणाले; हिला कायमची मठात धाडा. दादा भिंतीजवळ गेला.

"आई, पाठवू का हिला?" त्याने भिंतीला विचारलं.

भिंत गप्प. त्याने पुन्हा विचारलं, तरी गप्पच. माउलीला हुंदका आवरत नाहीये, असं सांगून महाराजांनी वेळ मारून नेली.

भिंगरी मान खाली घालून पुटपुटली, "दादा, मी इथे बसलेय. मग वाजवणार कोण?"

ती उठून जिन्याकडे निघाली आणि तिच्यामागोमाग सगळी वरात गच्चीवर गेली. टाकीतून निघालेला नळ सरळ खाली भिंतीत उतरत होता. भिंगरीने त्यावर चमचा आपटून दाखवला. खालचे प्रश्न स्वयंपाकघराच्या झरोक्यातून वर स्पष्ट ऐकू येत. महाराजांनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

दादाने हात उगारला होता. "का केलंस असं?"

"वाजवलं की तू लवकर घरी येतोस," ती म्हणाली. "पण मग तू आईशीच बोलत बसतोस. मला वाजवायला वर एकटीला थांबावं लागतं."

त्याचा हात खाली आला. तो लोकांकडे वळला.

"माझी आई गेली. भिंतीत कोणी नाही. पुन्हा कुठे आवाज आला, तर हात जोडायच्या आधी तो कुठून येतो ते बघा. मी बघितलं नाही, आणि जिवंत बहीण देऊन टाकायला निघालो होतो."

लोक पांगले. खाली स्वयंपाकघर सुनं झालं. आई आता नाही, हे दादाला खऱ्या अर्थाने तेव्हा कळलं, आणि तो टाकीला टेकून पोटभर रडला. मग डोळे पुसून त्याने भिंगरीला विचारलं, "जेवलीस का?"

कितीतरी दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.