डॉर्टमुंडचा ओटा, कोहक्याचा हातोडा

टीनाचा फोन आला तेव्हा बेबीताई कोहका वस्तीतल्या आपल्या घरात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लेक जर्मनीत, डॉर्टमुंडला. नवं घर भाड्यानं मिळालं म्हणून तिनं आधी आईला देवापुढे साखर ठेवायला लावली आणि मग हळूच म्हणाली, "मम्मी, फक्त किचन नाही आहे."

"नाही म्हंजे? लहान आहे का?"

"नाहीच आहे. आधीचा भाडेकरू घेऊन गेला."

बेबीताईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "ओटा घेऊन गेला? अन् चोराले कोणी अडवलं नाही?"

"चोर नाही गं! इथं रिवाजच आहे. घर सोडताना लोक ओटा, सिंक, कपाटं, सगळं काढून नेतात. ज्याचं त्यानं लावायचं."

टीनानं फोन फिरवला. पंगत उठून गेल्यावर मांडवाचे बांबू तेवढे उभे राहावे, तशा कोऱ्या भिंतीतून दोन तोट्या आणि एक जाड वायर बाहेर आलेली. जमिनीवर एकुलती एक लहान विजेची शेगडी.

"भांडे कुठं घासतेस मंग?"

"बाथटबमध्ये."

बेबीताईंनी डोळे मिटले. एरवी त्यांनी 'परदेश आहे बापा' म्हणून सोडून दिलं असतं. पण यंदा टीनाच्या सासूबाईंनी गुडघ्यांपुढे हात टेकले होते आणि महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे सुनेच्या ओटीत घातले होते. ज्येष्ठा-कनिष्ठा पहिल्यांदा टीनाकडे बसणार होत्या. बेबीताईंच्या सासरच्या लक्ष्म्या भंडाऱ्याकडे, जेठांच्या घरी. जन्मभर त्यांनी तिथं जाऊन जाऊबाईंच्या चुलीवर पुरण वाटलं, आपल्या हातानं आपल्या घरी नैवेद्य दाखवायचा योग काही आला नाही. तो आता लेकीच्या घरी चालून आला, आणि नैवेद्याची गंज-पातेली न्हाणीत धुवायची?

"लावणारा माणूस कधी येते?"

"सामान डब्यांत येऊन पडलं आहे. पण माणूस नोव्हेंबरमध्ये."

"अन् लक्ष्म्या सप्टेंबरात!"

कोपऱ्यात पेपरामागे बसलेले सुखराम खाकरले. पोलाद कारखान्यात जन्मभर फिटर. रिटायर झाल्यापासून त्यांनी घरातली प्रत्येक तोटी इतक्या वेळा दुरुस्त केली होती की ती गळायलासुद्धा भीत असे.

"जवाईबापूजवळ पेचकस आहे का?" त्यांनी विचारलं.

जावई पीयूष गुणाचा मुलगा, हिंदीतच वाढलेला. कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करील, पण खिळा ठोकायचा तर खिळ्याला सॉरी म्हणेल. तरी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, फोनवरून ओटा जोडायचा हुकूम सोडल्यावर तो उभा राहिला. पहिला दिवस हेल्मेटवरच गेला. "डोक्यात काही नसन तं काम सुरू नाही होत," सुखराम म्हणाले. टीना मागून म्हणाली, "पप्पा, डोक्यात नाही, डोक्यावर." शेवटी जावईबापूंनी सायकलचं हेल्मेट चढवलं आणि पहिलं कपाट जोडलं. उलटं.

"मामाजी, सामने से तो ठीक लग रहा है," पीयूष बोलला.

सुखरामांनी फोन ठेवला आणि हातोडा शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी बेबीताई सेक्टर दहाच्या मंदिरात कीर्तनाला गेल्या. बुवा वैराग्यावर बोलत होते. ज्याला ज्याला माझं म्हणाल ते एक दिवस सुटणार, म्हणून आधीच हात मोकळे ठेवा! टाळ घुमले, बेबीताईंचे डोळे भरून आले. त्याच भरल्या डोळ्यांनी घरी आल्या, तर त्यांचा ओटा सुटला होता.

काळ्या दगडाची लादी अंगणात पेरूला टेकवलेली. आत धुरळ्यात हातोडा घेऊन सुखराम, आणि शेजारी प्लाय मोजत हिरालाल सुतार.

"हे काय जी? कावून फोडला माहा ओटा?"

"फोनवर हात हलवून जवाईले समजत नाही," सुखराम म्हणाले. "तिथं जे लावाचं, ते पहिले इथं लावतो. मी इथं करीन, तो पाहून तिथं करन."

"भाभी, एकदम जर्मन माप है," हिरालाल म्हणाला.

"मले जर्मन भाकर थापाची आहे का रे हिरालाल?"

पण बुवांचं कीर्तन अजून कानात होतं, त्यामुळे पुढचं बोलणं त्यांनी गिळलं. गॅसची शेगडी उचलली आणि अंगणात पेरूखाली मांडली.

मग सुरू झाली दोन देशांची एकच रांधणी. इथं पेच फिरला की तिथं पेच फिरायचा. इथं सुखराम बोट चेपून "अगागा" म्हणाले, तर तिथं पीयूषनंही लेव्हलची पट्टी खाली ठेवून विचारलं, "मामाजी, ये भी करना है?" कपाटं सरळ झाली. ओटा बसला; कोहक्याचा मात्र प्लायचा नमुनाच, म्हणून बेबीताईंची शेगडी पेरूखालीच राहिली. ज्या दिवशी डॉर्टमुंडच्या सिंकमध्ये पाणी पडलं, त्या दिवशी बेबीताईंनी फोनलाच हळदीकुंकू लावलं. न्हाणीचं संकट टळलं. उरली फक्त विजेची मोठी शेगडी जोडायची, आणि लक्ष्म्याही दारात आल्या.

आवाहनाच्या संध्याकाळी मुखवटे बसले, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. उद्या पुरणाचा. पीयूषनं भिंतीतली जाड वायर हातात घेतली मात्र, आणि सुखराम ओरडले, "हात काढ! परमिट आहे का?"

"कैसा परमिट, मामाजी?"

"लायसनवाला इलेक्ट्रिशियन लाइन बंद करून परमिट देते, मंगच आमच्या कारखान्यात वायरले हात लागते. तुमच्या देशात काय कायदा आहे?"

टीनानं खाली मान घातली. कायदा तोच होता. लायसनवाला माणूसही ठरला होता, पण तो पुढच्या आठवड्यात येणार होता.

"यूट्यूब पे है, पाँच मिनट का काम," पीयूष म्हणाला. मग फोनच्या अगदी जवळ आला. "मम्मीजी बोलेंगी तो मैं जोड़ देता हूँ."

सगळे बेबीताईंकडे पाहू लागले. मागे टीनानं सोळा भाज्या चिरून ठेवलेल्या दिसत होत्या, डाळ भिजलेली, वड्यांचं वाटण झालेलं. एवढं सगळं त्या लहान शेगडीवर कधी होणार? एक 'हो' म्हटलं की झालं. सुखरामांचं काय, ते आठ दिवस रुसतील. बेबीताईंनी देवीकडे पाहिलं. मग त्या लेकराच्या तोंडाकडे पाहिलं. हेल्मेटाखाली ते हसत होतं, सासूसाठी विजेत हात घालायला तयार.

"नको बापू," त्या म्हणाल्या. "ठेव ते वायर."

टीनाला रडू फुटलं. "मम्मी, पहिल्यांदा आल्या त्या. ना पोळ्या, ना वडे, ना कढी. अर्धवट नैवेद्य कसा दाखवू? देवी काय म्हणेल?"

"थांब. लक्ष्म्या भादव्यात कावून येतात?"

"माहेरी येतात."

"मंग? तू माहेरी आली, अन् पाहिलं का तुह्या मायचा ओटा फुटला आहे. तं तू रुसून स्टेशनवर वापस जाशीन का?"

टीना नाक ओढत म्हणाली, "मी आधी पप्पाशी भांडेन."

"ते तं भांडशीनच. पण मंग पदर खोचशीन, अन् जे असन ते खाशीन. तशाच ह्या. लेकी आहेत, ऑडिटवाल्या नाहीत."

सुखराम बोलायला गेले, पण आपलं नाव कोणत्या बाजूनं निघालं ते कळेना म्हणून हातोडा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी बेबीताईंनी पेरूखालच्या शेगडीवर आंबील चढवली. डॉर्टमुंडला नव्या ओट्यावरच्या त्या लहान शेगडीवर टीनानंही चढवली. आंबील उतरली की सोळा भाज्यांची एकच भाजी, ती उतरली की पुरण. पोळ्या नाहीत, पुरण वाटीतच. सुखराम फोन धरून उभे होते, एक हात दुखला की दुसऱ्यात घेत.

"मम्मी, आंबील तळाला जराशी लागली."

"वरची वरची काढ. अन् त्याईले सांगून टाक का, पहिलीच वेळ आहे."

टीनानं मुखवट्यांपुढे ताटं मांडली, पाणी फिरवलं आणि खरंच सांगून टाकलं. मग बेबीताई म्हणाल्या, "आता फोन पालथा ठेव, अन् दार लोटून घे. जेवताना त्याईच्या तोंडाकडे पाहू नाही."

फोनवर अंधार झाला. कोहक्याच्या अंगणात दोघं त्या काळ्या काचेपुढे हात जोडून बसले. बऱ्याच वेळानं सुखराम कुजबुजले, "किती वेळ लागते?"

"हळू बोला. प्रवास करून आल्या त्या, जेवू द्या पोटभर."

सुखरामांचा हात हळूच पुरणाच्या वाटीकडे सरकला. बेबीताईंनी डोळे न उघडताच त्यावर चापट मारली.

"त्या उठल्या नाहीत अजून."