मशीनवरचं फूल

“थांबव, थांबव,” दत्तात्रय म्हणाले आणि ओवीनं रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर लागोसमधली एक मुलगी, कोपरापर्यंत पीठ लागलेली, तोंड उघडं ठेवूनच थांबली.

“आता काय म्हणाली ती?”

ओवीनं खालच्या जर्मन ओळी पुन्हा वाचल्या. ही दहा वर्षांची नात एरवी आजोबांना जर्मनमध्येच उत्तरं द्यायची. आज दुभाष्याचं काम मिळाल्यापासून तिची मराठी चांगलीच धीट झाली होती.

“ती म्हणते, मी लंडन परत नाही जात. पापाचा बेकरी मी बंद होऊ नाही देत.”

“शाब्बास! लाव पुढे.”

सोफ्याच्या टोकाला दत्तात्रयांचा मुलगा कुमार धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता. हा नायजेरियन सिनेमा ओवीच्या मैत्रिणीच्या आईनं सुचवलेला. गोष्ट आधी विचारली असती तर त्यानं तो लावूच दिला नसता. बापाची बुडत चाललेली बेकरी आणि ती वाचवायला परदेशातून धावत आलेली लेक, हे नेमकं आजच बघायला हवं होतं का!

सांगलीला बाबांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. तो आता उरलेला नाही, हे फक्त कुमारला आणि तिथला कारभार बघणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला, गुरुदत्तला माहीत होतं. लोक हल्ली पत्रिका फोनवरच पाठवतात. वर्षभर मशीन जवळजवळ गप्पच होतं. त्यात बाबांची बायपास झालेली. “ते माझ्याकडे आहेत तोवर उरकून टाक,” असं कुमारनंच इथे जर्मनीत, गेर्लिंगेनच्या आपल्या ऑफिसच्या जिन्यात उभं राहून भावाला सांगितलं होतं. आठ दिवसांपूर्वी मशीन भंगारात गेलं. येत्या गुरुवारी बाबांचं परतीचं विमान होतं आणि त्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. कुमार रोज सकाळी ठरवायचा, आणि रोज सकाळी फोटो यायचा.

छापखाना उघडला की आधी मशीनवर एक फूल, मग काम, हा बाबांचा चाळीस वर्षांचा नेम. इथे आल्यापासून ते त्या फुलाचा फोटो मागवायचे आणि तो पाहिल्यावरच चहाला तोंड लावायचे. म्हणून मशीन न्यायच्या आदल्या दिवशी गुरुदत्तनं फुलं बदलून बदलून पंधरा फोटो काढून ठेवले होते. त्यातला एकेक तो पाठवत होता.

पडद्यावर बेकरीपुढे रांग लागली. बाप लेकीच्या डोक्यावर हात ठेवून रडला. नावं सरकू लागली.

“वाचली!” ओवीनं जाहीर केलं. मग ती वळून म्हणाली, “पापा, वारुम, म्हणजे का, तू आजोबांच्या छापखान्यात नाही गेलास?”

कुमारच्या हातात एकटाच मोजा उरला होता. त्याचा जोडीदार तो उगीचच शोधत राहिला.

“बाबा,” शेवटी तो म्हणाला, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“आधी हे बघ.” दत्तात्रयांनी फोन पुढे केला. “आठ दिवसांचे फोटो आहेत. जास्वंद, झेंडू, तगर. रोज नवं फूल. आता मागची भिंत बघ.”

भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. कुमारनं एकेक फोटो मोठा करून पाहिला. आठही फोटोंत बारा तारीख होती.

“जन्मभर प्रूफं तपासली मी,” दत्तात्रय म्हणाले. “पत्रिकेत तारीख चुकली की मांडवात भांडणं. दुसऱ्याच दिवशी दिसलं मला.”

“गुरुदत्तचा दोष नाही, बाबा. मीच त्याला...”

“वाटलंच मला.”

कुमारला वाटलं, आता ते चिडतील. चिडले असते तर फार बरं झालं असतं. दत्तात्रयांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

“मशीन नेलं त्या दिवशी,” त्यांनी विचारलं, “फूल वाहिलं होतं का रे त्याला?”

कुमारला माहीत नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

“वास इस्ट लोस?” ओवी दोघांच्या तोंडांकडे पाहत म्हणाली. “काय झालं, आजोबा?”

“काही नाही गं.” दत्तात्रयांनी तिला जवळ ओढून घेतलं. “ती मुलगी लंडनला जात नाही म्हणते ना, तिथून पुन्हा लाव.”