एमिलिया माल्टा बघून आली

नवरा, अर्बन, वारला तेव्हा एमिलिया रडली नाही, आणि गावठाणात त्यावर बरेच दिवस चर्चा झाली.

अंधेरीच्या पूर्वेला, साकीनाक्याच्या रस्त्यापासून जरा आत त्यांचं गावठाण. ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती, घरात बोली मराठी. कुणी अजून भात लावणारे, कुणी कारखान्यात लागलेले. चर्चला सगळे देऊळ म्हणत. अर्बन फिटर होता, पण लोक त्याला ओळखत ते गळ्यामुळे. लग्न असो, मयत असो, नाक्यावरच्या क्रुसापुढची प्रार्थना असो, मराठी गाणी त्यानं उचलायची आणि मागून एमिलियानं. तिचा आवाज घोगरा, पण सुराला पक्का. देवळातली रविवारची उपासना, मिस्सा, लॅटिनमधून व्हायची, ती कुणालाच कळायची नाही. गाणी मात्र आपली असायची, म्हणून लॅटिनचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मग रोमहून हुकूम आला की लॅटिन बंद, ज्या त्या लोकांच्या भाषेत मिस्सा करा. गावठाण खूष झालं. पण लोकांची भाषा कोणती हे ठरवायला देवळाची कमिटी बसली, आणि कमिटीत अर्बनचा धाकटा भाऊ हर्बर्ट. फोर्टातल्या कंपनीत हेडक्लार्क, मुलं इंग्रजी शाळेत. त्यानं आणि त्याच्यासारख्या चौघांनी ठरवलं की इथली भाषा इंग्रजी.

"आता वांद्र्याहून लोक राहायला येतायत इकडे," तो एमिलियाला म्हणाला. "त्यांच्यापुढे मराठीत काय गायचं, वहिनी? मराठी चुलीपाशी ठीक आहे."

अर्बनची मयत त्यानंतर थोड्याच महिन्यांत झाली. हर्बर्टनं सगळी व्यवस्था चोख केली होती. इंग्रजी वाचन, इंग्रजी गाणी, पेटी वाजवायला वांद्र्याचा माणूस. एमिलिया पहिल्या बाकावर काळ्या कपड्यात बसली होती आणि लोक उभे राहिले की उभी राहत होती, बसले की बसत होती. सिमित्रीत कबरीवर माती टाकून झाली तरी तिचे डोळे कोरडेच होते.

"मना कललाच नाय गो, कवा रडायचा ते," ती नंतर जावेला, हर्बर्टच्या बायकोला, कार्मेनला म्हणाली. कार्मेननं मान खाली घातली.

एमिलिया टेकडीवरच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जायची. मालकीण मिसेस बार्लो, साहेब वारल्यावर एकटी उरलेली. तिची बहीण माल्टाला राहत होती. भूमध्य समुद्रातलं छोटंसं बेट, हवा गरम, इंग्रज म्हातारेकोतारे तिथे घरं घेऊन राहायला लागलेले. मिसेस बार्लोनंही तिथेच जायचं ठरवलं आणि एमिलियाला म्हणाली, एक हिवाळा माझ्याबरोबर चल, घर लावून दे, मग परत ये.

हर्बर्टला हे ऐकून मिरच्या झोंबल्या. "भाऊ जाऊन वर्ष झालं नाही आणि तू विमानात बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना इंग्लिशमध्ये म्हणायला सांग," एमिलिया म्हणाली. "मना समजणार नाय."

आणि ती गेली.

माल्टाचा हिवाळा तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढला. खाली बंदर, पिवळ्या दगडाची घरं, दर वळणावर देऊळ. रविवारी मिसेस बार्लो तिला बरोबर घेऊन जायची ते इंग्रजांच्या मिस्सेला. तिथेही तेच, उठायचं आणि बसायचं. परतायचे दिवस जवळ आले तेव्हा मालकिणीनं एक पूर्ण सुट्टी दिली आणि म्हणाली, किनाऱ्यावर फिरून ये, छान वाटेल.

"किनारा नको," एमिलिया म्हणाली. "बेट बघायचंय. तुमचे पाहुणे बघतात तसं. गाडी आणि गाईड घेऊन."

"एकटीसाठी? अगं, ते महाग पडतं."

"माझ्या पगारातून घेते."

मिसेस बार्लोनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि गाडीवाल्याला फोन लावला. सकाळी एमिलिया बाहेर आली ती फ्रॉक न घालता. पेटीच्या तळाशी ठेवलेलं लाल चौकड्यांचं लुगडं नेसली होती.

"लोक टक लावून बघतील, एमिलिया."

"बघू दे."

गाईडचं नाव साल्वू. साठीचा, बुटका, जुन्या काळ्या मॉरिस गाडीचा मालक. लुगड्याकडे पाहून तो क्षणभर थांबला, मग त्यानं मागचं दार उघडलं. एमिलिया पुढच्या सीटवर जाऊन बसली.

साल्वूचं इंग्रजी पाठ केलेलं होतं आणि एमिलियाचं स्वयंपाकघरातलं, त्यामुळे दोघांचं बरं जमलं. आधी ते समुद्रावरच्या कड्यापाशी गेले. तिथे माणसापेक्षा उंच दगड उभे करून बांधलेलं हजारो वर्षांपूर्वीचं देऊळ होतं. साल्वू वर्षं आणि राजे सांगत होता. एमिलियानं दगडाला हात लावला, उन्हानं तो कोमट झाला होता. "देव कोणता होता?" तिनं विचारलं. साल्वू म्हणाला, ते कुणालाच माहीत नाही, भाषाच उरली नाही त्यांची. तिथून निघताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं.

मग तटबंदीतलं जुनं शहर झालं. अरुंद गल्ल्या, बंद दारं, पितळी कड्या. शहराबाहेर जमिनीखाली कोरलेली थडगी होती. साल्वू कंदील घेऊन पुढे, एमिलिया लुगडं सावरत मागे. एका ठिकाणी खडकातच गोल चौथरा कोरला होता, बसक्या टेबलासारखा.

"इथे बसून लोक जेवायचे," साल्वू म्हणाला. "मेलेल्यासाठी. पुरून झाल्यावर."

"आमच्याकडे पण जेवतात. मयताच्या घरी," एमिलिया म्हणाली. "आणि गातात."

"काय गातात?"

एमिलिया पायऱ्यांकडे वळली. वर उजेडात आल्यावर तिनं बराच वेळ डोळे पुसले, आणि साल्वूनं धूळ गेली असेल असं समजून रुमाल पुढे केला.

दुपारी ते घुमटाच्या मोठ्या देवळात आले. दुसऱ्या महायुद्धात त्या घुमटातून बॉम्ब पडला, आत माणसं प्रार्थना करत होती, आणि तो फुटला नाही, ही गोष्ट साल्वूनं फार रंगवून सांगितली. एमिलिया मान वर करून घुमट बघत होती. बाजूला पाच-सहा म्हाताऱ्या तेर्स म्हणत बसल्या होत्या. जपमाळेचे मणी तेच, चालही ओळखीची. पण मध्येच एक शब्द तिच्या कानावर आदळला, पुन्हा आला, पुन्हा आला.

तिनं साल्वूची बाही ओढली. "या बायका अल्ला म्हणतायत?"

"हो."

"तुम्ही कॅथलिक ना?"

साल्वूला ते लागलं. "सेंट पॉलचं जहाज इथे फुटलं तेव्हापासून."

"मग अल्ला?"

"दुसरं काय म्हणणार? आमच्या भाषेत देवाला अल्लाच म्हणतात. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची."

"आणि पाद्री चालवून घेतात?"

"पाद्री पण तेच म्हणतो. मिस्सासुद्धा आमच्याच भाषेत होते आता."

एमिलिया बाकावर बसली. साल्वूही शेजारी टेकला. त्याचं पाठ केलेलं बोलणं संपलं होतं, आता तो अडखळत, शब्द शोधत सांगू लागला. त्याच्या लहानपणी शिकलेली माणसं म्हणत, ही शेळ्या राखणाऱ्यांची भाषा, स्वयंपाकघरात ठेवा. कोर्ट इटालियनमध्ये चाले. त्याच्या बापावर शेळीवरून फिर्याद झाली. बाप कोर्टात दिवसभर टोपी हातात धरून उभा. निकाल लागला, सगळे उठले, आणि बापानं वकिलाला विचारलं, मी जिंकलो की हरलो?

"हरला होता," साल्वू म्हणाला. "पण शेळी गेली याचं त्याला काही नव्हतं. विचारावं लागलं याचं होतं. मरेपर्यंत तेच बोलायचा."

एमिलियाला सिमित्री आठवली.

"मग कसं बदललं?"

"फार भांडावं लागलं. मागून कुणी देत नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू कुठल्या भाषेत प्रार्थना करतेस?"

"इंग्लिशमध्ये."

"तुझी आई इंग्लिश होती?"

एमिलियाचा चेहरा तापला. ती उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि अर्बन मयताला म्हणायचा ते गाणं तिनं मराठीत सुरू केलं. आवाज आधी फाटला, मग घुमटात चढला. म्हाताऱ्यांचे मणी थांबले. देवळाचा चाकर घाईनं आला, तोंडावर बोट ठेवून. साल्वू मध्ये आडवा झाला आणि त्याच्याशी आपल्या भाषेत काहीतरी कडक बोलला. चाकर पुटपुटत मागे सरला. एमिलियानं शेवटचं कडवं पुरं केलं. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. नवऱ्यासाठी ती तिथे रडली, परक्या बेटावर, भर दुपारी, अनोळखी बायकांसमोर.

परत आल्यावर गावठाणानं तिला माल्टाबद्दल खूप विचारलं. तिनं सगळ्यांना घुमटाची गोष्ट सांगितली आणि बाकीची मनात ठेवली. अर्बनचं वर्ष भरत आलं होतं. ती फादरांकडे गेली. फादर तरुण होते, वाईट नव्हते, कमिटीला मात्र घाबरून असत.

"वर्षाची मिस्सा मराठीत पाहिजे, फादर."

"मराठीत आपल्याकडे बसवलेलं काही नाही, एमिलियाबाई. कॉयरला येत नाही."

"कॉयरला काय त्रास नाय देत. मी गाते."

"हर्बर्टशी बोलून बघतो."

"अर्बन माझा नवरा होता. हर्बर्टचा काय संबंध?"

फादरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मिस्सेच्या दिवशी देऊळ बऱ्यापैकी भरलं होतं. एमिलिया तेच लाल लुगडं नेसून पहिल्या बाकावर. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर न्यायची वेळ झाली, पेटीवाल्यानं इंग्रजी गाण्याचा सूर धरला, आणि एमिलिया उभी राहून मराठीत गाऊ लागली. पेटीवाला गोंधळला, मग त्यानं जोर केला. कॉयरनं जोर केला. एमिलियानं आवाज खाली आणला नाही. थोडा वेळ देवळात नुसती झटापट चालली होती. एका बाजूला आठ-दहा माणसं आणि पेटी, दुसऱ्या बाजूला एक घोगरी बाई. हर्बर्ट बाकातून वाकून तिच्या दंडाला धरून म्हणाला, "वहिनी, बस खाली. शोभा करू नकोस."

तिनं दंड सोडवून घेतला आणि पुढचं कडवं घेतलं.

मागून एक कापरा आवाज आला. म्हातारी रोझी, कानांनी अधू, सगळ्यांच्या एक ओळ मागे. मग भात लावणारे दोन भाऊ. मग बायकांच्या बाजूनं बऱ्याच जणी. सगळे उठले असं नाही. अर्धं देऊळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. पण पेटीवाल्यानं वेदीकडे पाहिलं, फादर हात जोडून नुसते उभे होते, आणि त्यानं पेटी मिटली. हर्बर्ट मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. कार्मेन त्याच्या मागे जायला उठली, दोन पावलं गेली, आणि परत येऊन बसली. ती गायली नाही, पण गेलीही नाही.

पुढच्या आठवड्यात फादरांनी एमिलियाला बोलावलं. कमिटीत फार गरमागरमी झाली होती म्हणाले. पण तोडगा निघाला. महिन्यातून एक रविवार मराठी मिस्सा, पहाटे साडेपाचला.

"पहाटे?" एमिलिया म्हणाली. "आम्ही काय चोर आहोत, फादर?"

"सुरुवात तरी होईल ना, एमिलियाबाई."

"आठची वेळ द्या. माणसं न्हाऊन-धुऊन, पोरंटोरं घेऊन येतील."

"आठला इंग्लिश असते."

"मग एक रविवार त्यांनी उठावं पहाटे. त्यांना पण कळू दे."

फादर हसले, मग हसू आवरून म्हणाले, "कमिटी मानणार नाही."

"कमिटीला मी सांगते. बैठक कधी आहे?"

"गुरुवारी. पण बायका येत नाहीत बैठकीला."

"या गुरुवारी येतील," एमिलिया म्हणाली, आणि तिथून ती घरी गेली नाही. आधी रोझीच्या दारात गेली, मग भातवाल्या भावांच्या आईकडे, मग कार्मेनकडे. कार्मेन ओट्यावर मासे साफ करत होती. हर्बर्ट आत पेपर वाचत होता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात एमिलिया म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी येतेस का गो?"

आतला पेपर खाली आला. कार्मेननं हातातला मासा पालथा केला, खवले काढले, आणि म्हणाली, "किती वाजता?"