समाधीखालचं बीळ

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. माघात माझे मालक गेले, तेव्हा त्यांना आमच्याच शेतात, ओढ्याच्या दरडीवर बसवलं. जागा त्यांनीच सांगून ठेवली होती. हयातभर फावल्या वेळी ते तिथं जाऊन बसायचे. काय बघता, म्हणून मी कधी विचारलं नाही. "बसा, कामाला मी हायेच," एवढंच म्हणायची.

चैत्रात एका सोमवारी बेल वाहायला गेले, तर समाधीच्या बरोबर खाली दरडीत मुठीएवढं बीळ. तोंडाशी पांढरी घाण ओघळलेली, माशाचे बारीक काटे पडलेले आणि तो वास. मालक बाजारातून येताना मासळीची गल्ली टाळून लांबून यायचे. त्यांच्या पायाशी हे. माझं डोकंच फिरलं.

सून शिवकन्या सोबत होती. म्हणाली, "अव्वा, खंड्याचं घर हाय ते. आत पिल्लं असतील. थोड्या दिवसांनी उडून जातील, मग बुजवू."

"तुला कुणी सांगितलं?"

"अप्पांनी."

"मला तर कधी बोलले न्हाईत."

घाणीपेक्षा तेच मला जास्त लागलं.

"चार बुकं शिकलीस म्हणून मला पाखरं शिकवू नको. त्यांच्या पायाशी काटे पडलेले चालतील तुला? आण माती."

बिळात दगड ठोकला, वर चिखल थापला, टाचेनं दाबला. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

मंगळवारी समाधीजवळ लावलेल्या रोपाला पाणी घालायला गेले, तर बाभळीवर निळं पाखरू. चोचीत मासा. उडत आलं, माझ्या चिखलावर धडकलं, परत फांदीवर गेलं. "निलाजरं मेलं," म्हणून मी ढेकूळ मारलं.

बुधवारीही तेच. मासा ताजा, धडक तीच.

"नर हाय तो," सोबत आलेली शिवकन्या म्हणाली. "पिल्लं लहान असली की दोघांतलं एक आत बसतं, एक चारा आणतं. घरही दोघं मिळून चोचीनं कोरतात. अप्पा म्हणायचे, असं धडकून धडकूनच दरडीला पहिला खड्डा पडतो."

"म्हंजे दुसरी?"

मी खुरपं घेतलं.

चिखल वाळून कडक झाला होता. दगड निघाला आणि हाताला पिसं लागली. ती दगडाला चोच लावूनच पडली होती. चोच मातीनं भरलेली. दगडाच्या कडेनं आतून बोटभर उकरलेलं होतं. खांद्यापर्यंत हात घातला. शेवटी वाटीसारखी गोल खोली, त्यात पाच पिल्लं एकमेकांवर, गार. पिसं अजून उलगडलीही नव्हती.

सगळ्यांना पदरावर घेतलं. समाधीच्या कडेला खड्डा करून त्यात ठेवलं, समाधीवरची ओंजळभर विभूती टाकली.

तेवढ्यात तो आला. उघड्या बिळात शिरला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हाही मासा चोचीतच. बिळाच्या तोंडाशी टाकला आणि ओढ्यावरून खाली निघून गेला.

मी तो मासा उचलला. सत्तर वर्षांत या हातानं मासळी शिवली नव्हती. तिच्या चोचीपाशी ठेवला, वर माती लोटली.

"अव्वा, हात धुवा," शिवकन्या तांब्या घेऊन उभी.

"राहू दे. बस हितं. ते अजून काय काय सांगायचे, ते सांग."