शेंदराखालचं साल

रविवारी सकाळी मानपाड्याला जी रांग लागली होती, ती पाण्याची नव्हती, रेशनची नव्हती, कुठल्या देवळाचीही नव्हती. ती होती एका जुनाट पिकअप ट्रकसमोर. बॉनेट उघडं, इंजिनावर झेंडूच्या माळा आणि शेंदराचे थर, आणि पुढ्यात हात जोडून उभी असलेली चांगली शिकलीसवरलेली माणसं.

"सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस!" भगव्या डगल्यातला इंजिनबाबा माइकवर ओरडत होता. "आमचे गुरुमहाराज याच गाडीतून तीर्थयात्रेला गेले. तेव्हापासून हे इंजिन कुणी उघडलेलं नाही, त्यात थेंबभर पाणी घातलेलं नाही. तरी बघा!" त्यानं रेडिएटरची खालची तोटी फिरवली. पेल्यात हिरवट पाणी पडलं. "तुळशीचा रंग, मधाची गोडी! आणि साखर?" लघवीतली साखर तपासायची पट्टी त्यानं पेल्यात बुडवली. पट्टीचा रंग बदलला नाही. "शून्य! डायबेटिसवाल्यांनो, गोळ्या फेका!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात माझी आई होती.

आई वर्तकनगरच्या वसाहतीत राहते. बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ. दारात आलेल्या ज्योतिषाला तिनं कधी उभं केलेलं नाही. पण शुगर जुनी, किडन्या नाजूक, आणि गोळ्यांचा आलेला वीट. माझा भाऊ प्रशांतच तिला बाइकवर बसवून इथे आणत होता. मागच्या रविवारी तिला दोन चमचे मिळाले आणि आठवडाभर तिनं गोळ्यांना हात लावला नाही. आज पूर्ण पेला मिळणार होता. वहिनीनं फोनवर हे सांगितलं तशी मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले.

"आई, चल घरी."

"थांब गं रचना, पुढे थोडीच माणसं राहिलीत."

"तू बाबाच्या नादी लागलीस? तू?"

"बाबाला कोण हात जोडतंय? हे काय देव आहे का? मशीन आहे. टेस्ट करून दाखवली ना त्यानं?"

लबाडानं तिला तिच्याच बुद्धिवादाच्या दारानं आत घेतलं होतं. मला त्याचा संताप आला आणि खरं सांगायचं तर तिचाही.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. रेडिएटरमधलं हिरवं, गोड पाणी काय असतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

"अहो, ते कूलंट आहे!" मी ओरडले. "इंजिन तापू नये म्हणून घालतात. चव गोडच असते, पण विष आहे ते. किडन्या जातील!"

रांग चुळबुळली. बाबा मात्र गोड हसला. "ताई, कूलंट नव्या गाड्यांत. अठ्ठेचाळीसच्या गाडीत साधं पाणी घालायचे. तेव्हा कुठलं हिरवं कूलंट?" आणि त्यानं इंजिनावर बोट ठेवलं. शेंदराच्या चौकटीत, लोखंडातूनच उठलेले आकडे होते: १९४८.

"बरोबर बोलतायत बाबा," चष्मेवाले एक काका म्हणाले. "आमच्याकडे होती तसली गाडी. नळाचं पाणी घालायचो."

झालं! आता सगळं त्या इंजिनाच्या वयावर येऊन अडलं. इकडे रांग पुढे सरकत होती. मी कुणाला न विचारता बॉनेटखाली शिरले आणि ओढणीनं शेंदूर खरवडायला लागले.

"ओ मॅडम, विटाळ होईल!" एक शिष्य धावला.

"होऊ दे."

चार आकड्यांच्या दोन्ही बाजूंनी आणखी आकडे निघाले. "काका, वाचा. मोठ्यानं वाचा."

काका वाकले. "सात, तीन, एक, नऊ, चार, आठ, शून्य, दोन... हे काय?"

"हा साच्याचा नंबर. या नमुन्याच्या प्रत्येक इंजिनावर हाच असतो. बाबांनी मधले चार उघडे ठेवले आणि बाकीचे शेंदरात बुजवले."

"मग खरं साल कुठंय?"

तेच तर मी शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. मागे पेला भरल्याचा आवाज आला. आईचा नंबर लागला होता. मी घाबरून माळाच ओरबाडल्या, आणि रुपयाएवढं एक वर्तुळ बोटाला लागलं. मोबाइलचा टॉर्च मारला.

"हे बघा! लोखंड ओततानाच ही खूण उमटते. कडेचे ठिपके महिन्यांचे, मधे साल. काय दिसतंय?"

"शून्य... तीन," काका म्हणाले.

"दोन हजार तीन! बॉडी असेल जुनी, इंजिन नंतर बसवलंय. महाराज यातून गेले असतील, तर मोबाइलवर बोलत गेले असतील."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा घाम पुसत म्हणाला, "इंजिनानं देह बदलला, आत्मा तोच..."

"मग आत्म्याचं पाणी आधी तुम्ही प्या. तो आईच्या हातातला पेला घ्या."

"आज माझा निर्जळी उपवास आहे."

इतका वेळ आईला धरून रांगेत उभ्या असलेल्या प्रशांतनं ड्रायव्हरचं दार उघडून आत शोधाशोध केली. सीटमागून त्यानं एक कॅन ओढून काढला. अर्धा रिकामा, हिरव्या द्रवाचा, वर कवटीचं चित्र. "कुणी घालत नाही काय? रोज तूच ओतत होतास ना रे?" तो बाबाच्या अंगावर धावला. काकांनी पोलिसांना फोन लावला. आईनं पेला खाली ठेवला. मी तिला रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

वाटेत ती म्हणाली, "पण पट्टीनं खरंच साखर दाखवली नाही गं."

"आई, त्यानं पट्टीला एकच प्रश्न विचारला, साखर आहे का? तिनं खरं उत्तर दिलं. विष आहे का, हे तिला कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी तिला ते कळलं नसतं."

दोन चमच्यांवर आई बचावली. गोळ्या सोडल्यानं साखर मात्र भलतीच चढली होती, म्हणून तिला दाखल करून घेतलं. शेजारच्या खाटेवर विठ्ठलवाडीच्या सगुणाबाई होत्या. डायलिसिस चालू होतं. किडन्या अचानक कशा गेल्या, ते डॉक्टरांना उमगत नव्हतं आणि घरचे लाजेनं तोंड उघडत नव्हते. सगुणाबाईंच्या उशाशी झेंडूचं सुकलेलं फूल होतं.

आईनं ते पाहिलं. सलाइनचा हात सांभाळत ती उठून बसली आणि डॉक्टरांना हाक मारली. "डॉक्टर, या बाईंनी काय प्यायलंय ते मला माहितेय. मी पण प्यायलेय."

फसलात तर लाजू नका, बोला. आणि कुणी काही सिद्ध करून दाखवलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: यानं तपासलं काय, आणि तपासायचं काय सोडलं?