नेत्राच्या हाताची भरपाई

तय्यबा पहिल्यांदा अंजूरला आली तेव्हा रंगूबाईने तिला ओटीवरूनच परतवून लावलं होतं. त्याला कारणही होतं. चारच दिवस आधी एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच ओटीवर बसून गेले होते. रंगूबाईच्या सुनेवर ज्या दोघांनी कोयता चालवला, त्यांतल्या एकाचे ते मामा. पोरगं चुकलं, दवाखान्याचा खर्च आम्ही देतो, तेवढी केस मागे घ्या, असं ते फार गोड बोलत होते. रंगूबाईने पुडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि रस्ता दाखवला. त्यामुळे फाइल घेऊन आलेली ही पोरगी ‘भरपाई’ म्हणाली मात्र, रंगूबाईचं डोकंच फिरलं.

“मिटवामिटवीचे पैसे आमाला नको,” ती म्हणाली. “चल, उठ.”

तय्यबा काही सांगायला गेली, पण रंगूबाई आत निघून गेली होती. मग आपलं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी ओटीवर ठेवून ती परतली.

घडलं होतं ते असं. नेत्रा वळ गावातल्या एका गोदामात पार्सलं स्कॅन करायची. नवरा कुमार ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात सासू-सून दोघीच. मार्चमधल्या एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर ती रिक्षातून उतरून घराकडे चालत होती. मागून मोटरसायकल आली आणि मागे बसलेल्याने तिच्या मंगळसूत्राला हात घातला. नेत्राने ते उजव्या मुठीत घट्ट धरलं. त्याने मनगटावर वार केला. दोघं आठ दिवसांत पकडले गेले. मनगट शिवलं गेलं, पण बोटं काही वळेनात.

रंगूबाई बोलायला फटकळ, पण सुनेचं सगळं ती न बोलता करू लागली. भात कालवून द्यायची, वेणी घालायची. तिला स्वतःला मुलगी नव्हती. पहिल्या दिवशी वेणी इतकी सैल झाली की नेत्रा बऱ्याच दिवसांनी हसली. पण नेत्रा उंबऱ्याबाहेर पडेना. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची आणि आवाज लांब जाईपर्यंत हलायची नाही. रंगूबाईला वाटायचं, दिवस जातील तसं बरं होईल.

मे महिन्यात नेत्राला लघवीची जळजळ आणि ताप सुरू झाला. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पितेस? ‘पिते की’ म्हणून नेत्राने वेळ मारून नेली. घरी आल्यावर रंगूबाईने तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आई, दर वेळी तुम्हाला नाडी बांधायला हाक मारायची मला लाज वाटते. म्हणून मी सकाळनंतर पाणी पीतच नाही.”

दोन महिने उन्हाळ्यात ही पोर तहानलेली बसत होती आणि एका घरात राहून आपल्याला कळलं नाही. रंगूबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सुनेजवळ बसवून ती रिक्षाने भिवंडीला गेली. तय्यबाने ठेवलेली चिठ्ठी तिने चुलीत घातली होती, म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन तिने विचारलं, ती फाइलवाली पोरगी कुठं राहते?

तय्यबाच्या घराला लागूनच त्यांचा कापडाच्या लूमचा कारखाना होता. त्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून तय्यबाने तिला मागच्या खोलीत नेलं. बाहेर हाकलल्याचा विषय दोघींनीही काढला नाही. चहा पिऊन झाल्यावर रंगूबाईने पाण्याची गोष्ट सांगितली आणि पदर तोंडाला लावला.

तय्यबाने तिला सावकाश समजावलं. गरजूंना फुकट कायद्याची मदत देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाची ती स्वयंसेविका होती. हे पैसे त्या पोरांचे नाहीत, त्यांच्या मामाचेही नाहीत, सरकारचे आहेत. ते घेतले म्हणून केस मिटत नाही, ती चालूच राहते. शिवाय हाताच्या व्यायामाला कुठं जायचं, मनातली भीती कुणाजवळ बोलायची, कोर्टात सोबत कोण येणार, तेही आपण बघू.

“मावशी, गुन्हा त्यांनी केला,” ती म्हणाली. “तहानलेलं हिने का राहायचं?”

पुढच्याच आठवड्यात ती अंजूरला आली. येताना आईकडून नाडीऐवजी इलास्टिक घातलेल्या चार सलवारी शिवून आणल्या होत्या. अर्जाचा विषय निघण्याआधी नेत्रा त्या घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. खाली बसून तिने विचारलं, “सही डाव्या हाताने चालेल?”

ठाणे शहरातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात टेबलापलीकडे एक न्यायाधीश बाई होत्या. रोजच्या कामात काय अडचण येते, असं त्यांनी विचारलं. काही नाही, बरी आहे, असं नेत्रा दोनदा म्हणाली. रंगूबाईला राहवलं नाही.

“बाई, ती माझ्या जिवाला लागू नये म्हणून असं बोलते,” ती म्हणाली. “मला तरास नको म्हणून पोरीनं पानी प्यायचं सोडलं होतं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. तय्यबाला आणि कारकुनाला बाहेर थांबायला सांगून त्यांनी नेत्राला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. या वेळी नेत्रा बोलली. मोटरसायकलचं, बोटांचं, गोदामातल्या नोकरीचं, सगळं. सासूचा हात तिने सोडला नाही.

मंजुरीला वेळ लागला. एक कागद कमी पडला, तय्यबाला तीन खेपा झाल्या. पण पैसे नेत्राच्याच खात्यात आले आणि हाताचं दुसरं ऑपरेशन झालं. तीन बोटं वळू लागली, दोन तशीच राहिली. समुपदेशनाला ती आधी सासूबरोबर गेली, नंतर एकटी. गोदामाने तिला गेटवरच्या नोंदीचं बसून करायचं काम दिलं. मोटरसायकलचा आवाज आला की अजूनही तिचे खांदे ताठ होतात, पण ती जागची उठत नाही.

साक्षीच्या दिवशी ट्रेलर उभा करून कुमारही आला होता. तय्यबा नेत्राबरोबर आत गेली. रंगूबाई आणि कुमार बाहेर बाकावर बसले. तासाभराने नेत्रा बाहेर आली. दोघांना ओळखलं, घडलं ते सगळं सांगितलं, आणि त्यांच्याकडे बघून सांगितलं, असं ती म्हणाली. निकाल लागायचा होता. रंगूबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि काय पाहिजे म्हणून विचारलं.

“भूक लागलीय,” नेत्रा म्हणाली.

समोरच्या हॉटेलात चौघं बसली. नेत्राने मिसळ मागवली, आणि पाव तिने स्वतःच्या हाताने तोडला.