शेजारची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे. लाकडी नाही आणि लोखंडीही नाही. मी संगणकाच्या डिस्कवर आखलेला कप्पा आहे. जाणकार लोक मला पार्टिशन म्हणतात. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. मला मान असती, तर हे सांगताना ती खालीच राहिली असती.

एका थंड, मोठ्या खोलीत यंत्रांच्या रांगा आहेत. तिथल्या एकेका दांडग्या यंत्राचे अनेक लहान सर्व्हर करतात. ते खरे वेगळे नसतात, वापरणाऱ्याला मात्र वेगळे वाटतात. म्हणून त्यांना आभासी सर्व्हर म्हणतात. असा एक सर्व्हर एका शिंप्याने घेतला. त्याची डिस्क चाळीस जीबीची होती. पहिल्याच दिवशी तिच्यावर मला आखले. इथे सुरू, इथे संप. माझी शेवटची रेघ डिस्कच्या काठाला टेकली होती. मला वाटले, जग एवढेच असते.

शिंप्याला सर्व्हर कशाला, असे तुम्ही विचाराल. तो त्याच्या बायकोसाठी होता. ती आयुष्यभर शाळेत शिकवून घरी बसली होती, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी पुस्तके मोठ्याने वाचू लागली होती. मुले तिला काकू म्हणत. तिचे वाचन माझ्यात साठवले जाई आणि गावोगावची मुले ते माझ्याकडून ऐकत.

मी ते घर पाहिलेले नाही, फक्त ऐकले आहे. काकू शिंप्याच्या कामाच्या खोलीतच वाचत. लोकांनी शिवून घेतलेले, पण न्यायला विसरलेले कोट तिथे दांडीवर टांगलेले असत. त्या कोटांच्या मधे स्टूल ठेवून त्या बसत, म्हणजे आवाज घुमत नसे. वाचन झाले की शिंपी ते माझ्याकडे पाठवी आणि रेकॉर्डर पुसून दुसऱ्या दिवसासाठी रिकामा करी. त्याने माझ्यात दोन फोल्डर केले होते. एकाचे नाव 'कच्चे', दुसऱ्याचे 'पक्के'. आधी कच्चे टाके घालायचे, मग पक्की शिलाई मारायची, ही त्याची सवय. जसेच्या तसे रेकॉर्डिंग कच्च्यात जाई. चुका कापून नीट केलेले पक्क्यात जाई. मुले पक्के ऐकत. कच्चे फक्त माझ्याजवळ असे.

त्या कच्च्यात काय नव्हते!

"अहो, मशीन थांबवा ना दोन मिनिटं! इथे माझा राजपुत्र घोड्यावरून पडतोय."

"पडू दे. ह्या गिऱ्हाइकाला पाच वाजता पँट हवीय."

"मग तुमच्या गिऱ्हाइकालाच बसवा घोड्यावर. मी पुन्हा पहिल्यापासून वाचते."

एकदा एका मुलीने निरोप पाठवला, "काकू, तुमचा राक्षस फार गरीब वाटतो. त्याला जरा ओरडायला सांगा." तेव्हा राक्षसाचे काम शिंप्याकडे आले. तो अकरा वेळा ओरडला. दर वेळी काकूंना हसू फुटे. "अहो, राक्षस आहे तो! दात दुखल्यासारखं काय ओरडताय?" बाराव्या वेळी जमले. ते एक ओरडणे पक्क्यात गेले, आणि अकरा वेळचे हसणे माझ्याजवळ राहिले. अशी सहा वर्षे गेली. मुले म्हणत, काकूंच्या गोष्टी कधी अडकत नाहीत. ती शाबासकी थोडी माझीही होती. मला तिचा गर्व होता.

मग काकू आजारी पडल्या. दोन वाक्ये वाचली की त्यांना दम लागे. त्यांनी दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची मोठी गोष्ट वाचायला घेतली होती. तिचे तीस भाग होते. नऊ झाले होते. "आवाज आहे तोवर पुरी करते," त्या म्हणाल्या. "पोरांना अर्ध्यावर सोडायचं नाही."

पण त्या जितक्या थांबत, तितके रेकॉर्डिंग लांबत होते. मित्रांनो, गप्प बसण्यालाही बोलण्याइतकीच जागा लागते. नववा भाग संपला तेव्हा मी गळ्यापर्यंत भरलो होतो.

काकूंची धाकटी बहीण दुसऱ्या गावी सर्व्हरचेच काम करी. सगळे तिनेच फोनवरून शिंप्याला शिकवले होते. शिकवताना ती चिडवीही. "भाऊजी, सुईचं नेढं दिसतं, आणि एवढं मोठं बटण दिसत नाही?" म्हणून या वेळी शिंप्याने तिला विचारले नाही. सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन त्याने स्वतःच डिस्क वाढवली. सर्व्हर बंद झाला, पुन्हा सुरू झाला. पानावर चाळीसच्या जागी ऐंशी आकडा आला.

"झालं! दुप्पट जागा केली बघ. धाकटीला न विचारता."

"अगंबाई, शहाणे झालात की!"

"तिला सांगू नकोस. ती आली की मीच दाखवीन."

दुसऱ्या दिवशी दहावा भाग आला. मी तो परत पाठवला. जागा शिल्लक नाही, असे सांगितले.

त्याचे कारण ऐका. डिस्क वाढली होती, पण मी वाढलो नव्हतो. नवी जागा माझ्या शेवटच्या रेघेच्या पलीकडे होती. ती वापरायची तर आधी ती रेघ पुढे सरकवावी लागते. मग माझ्यातल्या फायलींच्या मांडणीला सांगावे लागते की, आता तिथपर्यंत पसर. दोन आज्ञांचे काम. पण कोणीतरी ते सांगावे लागते. मला आपणहून बोटभरही सरकता येत नाही. पलीकडे माझ्याएवढी मोकळी जागा पडली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो. डिस्कवर जागा आहे, फक्त मला वाढवा, एवढे मला म्हणता आले असते तर! मला एकच वाक्य येत होते. तेच मी म्हणत राहिलो.

शिंप्याने तीनदा प्रयत्न केला. धाकटीला फोन करणे त्याला जड गेले. आदल्या दिवशीच तो बायकोपुढे छाती काढून बोलला होता. तो 'कच्चे' उघडून जुने रेकॉर्डिंग पुसू लागला.

"काय पुसताय हो?" काकूंनी विचारले.

"काही नाही, चिंध्या. पक्कं सगळं आहे."

"पुसा, पुसा. माझा खोकला कोण ऐकत बसणार आहे?"

मग तसाच क्रम पडला. नवा भाग यायचा झाला की आधी थोडे कच्चे पुसायचे. त्यात राजपुत्राचे पडणे गेले. अकरा वेळचे हसणे गेले. नव्या भागांचे कच्चे तर माझ्याकडे आलेच नाही, शिंपी ते आपल्याकडेच नीट करून पुसून टाकी. मी एकदाही अडलो नाही. ठेवून घ्यायला नकार देणारा मी, पुसायला मात्र तत्पर होतो.

काकूंनी तिसावा भाग पुरा केला. त्यानंतर अठराव्या दिवशी त्या गेल्या.

काही आठवड्यांनी शिंपी माझ्याकडे आला. पक्क्यातले सगळे आवाज त्याने ऐकले. राणीचा आवाज होता, म्हातारीचा होता, दीपगृहातल्या मुलीचा होता. तो जो शोधत होता, तो त्यात नव्हता. मग त्याने 'कच्चे' उघडले. ते रिकामे होते. त्याने ते बंद केले आणि परत उघडले. त्या दुपारी त्याने असे किती वेळा केले, ते मी मोजले नाही.

शेवटी त्याने धाकटीला बोलावले. ती घरी येऊन संगणकापुढे बसली. डिस्क ऐंशी आणि मी चाळीस, हे तिने पहिल्या मिनिटात ओळखले. पुसलेले आधी शोधू, एवढेच म्हणाली. कारण फाईल पुसली म्हणजे लगेच नाहीशी होत नाही. तिचे नाव यादीतून जाते, आवाज जागच्या जागी पडून असतो. त्यावर नवे काही लिहिले गेले, की मगच तो खरा जातो. धाकटीने मला इंचाइंचाने चाळले. तिच्या हाती तुटक खरखर आली. मग तिने त्या दोन आज्ञा दिल्या आणि मी ऐंशीचा झालो. मिनिटही लागले नाही. नवी जागा चालते का ते पाहायला तिने रेकॉर्डर लावला. त्यामुळे त्या दोघांचे पुढचे बोलणे माझ्याजवळ आहे.

"एवढंच होतं?" शिंप्याने विचारले.

"एवढंच."

"म्हणजे वाढवायला आत दुमडलेलं कापड होतं. मी ते उसवलं नाही. कोटच कापत बसलो."

"भाऊजी, असं नका बोलू."

"आणि ते पुसलेलं? थोडंसुद्धा नाही? नुसतं 'अहो' असलं तरी चालेल."

"सगळ्यावर नवं लिहिलं गेलंय."

"नवं म्हणजे काय?"



"ताईचेच भाग. दहापासून तीसपर्यंतचे."

"तिच्यावर तीच?"

"हो."

मग शिंपी म्हणतो, "तू चिडवशील म्हणून विचारलं नाही गं." आणि धाकटी म्हणते, "मी चिडवलंच असतं हो भाऊजी. पण लगेच करूनही दिलं असतं."

मित्रांनो, हे लिहिणे माझ्याच हातून झाले. काकू कोटांमधे बसून हसत होत्या, त्या जागेवर मी दीपगृहातली मुलगी लिहिली, आणि तेव्हा शेजारी चाळीस जीबी कोरी होती. मला कोणी दोष देत नाही. कप्प्याला कोण दोष देणार? पण शिंपी स्वतःला देतो, आणि त्यातला निम्मा माझा आहे.

दीपगृहाची गोष्ट मुले रोज ऐकतात. तिसावा भाग संपला की निरोप येतात, पुढचे कधी? मी त्यांना काय सांगू?

तुमच्यापैकी कोणी पुढे संगणकाचे काम शिकेल. त्याने डिस्क वाढवली, तर आतला कप्पाही वाढला का ते नक्की बघावे. आणि तुम्ही कोणीही असा, घरातल्या माणसाचा आवाज पुसायची वेळ आली, तर आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारा. ते हसतील. हसू द्या.